ऑपरेशननंतरची जमुना

माझी बायको जमुना मैसूरजवळच्या वरुणा गावातल्या सरकारी हायस्कुलात पी.टी. टीचर आहे. मुली तिला 'जमुना मिस' म्हणतात आणि हळूहळू मैसुरातल्या आमच्या नजरबादच्या गल्लीतही तेच नाव पडलंय. मी श्रीनिवासराव. आमचा बापजाद्यांचा धंदा कापड रंगवायचा आणि छापायचा. आजोबांच्या नखांतली नीळ शेवटपर्यंत निघाली नव्हती, असं आई सांगते. माझ्यापर्यंत येता येता त्या धंद्याचं स्क्रीन प्रिंटिंग झालं. लग्नाच्या पिशव्या, मंडळांचे टी-शर्ट, कापडी फलक. आणि दरवर्षी जमुनाच्या खोखोच्या मुलींच्या जर्सीवरचे नंबर. ते फुकट.

आमचं लग्न ठरत होतं तेव्हा माझ्या आईनं, गोदावरीबाईनं, एकच तक्रार केली होती. "मुलगी चांगली आहे बा, पण चालत नाही, पळते." खरंच होतं ते. जमुना कॉलेजात असताना राज्याच्या संघातून खोखो खेळलेली. पाटीवरून उठून सूर मारायची तेव्हा गुडघे आणि कोपर सोलून निघायचे, आणि त्याचे वण लग्नाच्या फोटोतसुद्धा दिसतात. वरुणाला बदली झाली तेव्हा तिथं खोखोचं मैदान नव्हतं. शाळेमागच्या पडीक जागेतले दगड तिनं मुलींना घेऊन वेचले, ऊसवाल्यांकडून ट्रॅक्टर मागून जमीन सारखी केली आणि दोन टोकांना निलगिरीचे खांब रोवले. त्या मैदानावरून ऊस आणि दूध विकणाऱ्या घरांतल्या मुली जिल्ह्याला, राज्याला जाऊन आल्या. एक पोलिसात आहे, एक रेल्वेत. घरी आमची एकुलती एक तुंगा. तिनं खोखोला कधी हात लावला नाही, ती बेंगळूरात कॉम्प्युटरवर असते. जमुनाला त्याचं काही नाही. "तुझं तू पळ, कुठंही पळ," एवढंच म्हणायची.

२०१६च्या जूनमध्ये शाळा उघडली आणि जमुनाचा ट्रॅकसूट कमरेला सैल झाला. मी म्हटलं, "बरं झालं की, वजन उतरलं."

"मी काही केलं नाही आणि वजन उतरलं," ती म्हणाली. "हे बरं नव्हे."

रक्त तपासलं तर साखर वाढलेली. तिच्या माहेरी कुणाला मधुमेह नाही, आणि ही तर रोज मैदानावर घाम गाळणारी. डॉक्टरांनी गोळी दिली. मग अंगाला खाज सुटली, तळहातांना, तळपायांना. रात्री उठून ती बाथरूमच्या थंड फरशीवर पाय टेकवून बसायची. आणि एका सकाळी आईनं चहा देताना तिच्या डोळ्यांकडं पाहिलं आणि कप तसाच धरून ठेवला.

"अय्यो, कावीळ झालीय हिला."

आमच्याकडं कावीळ म्हटलं की सगळे डॉक्टर होतात. माझा थोरला भाऊ गुंडुराव लगेच आला. सरगूरच्या बाजूला एक माणूस पाला देतो, तीन दिवस सकाळी अनशापोटी घ्यायचा, तेल-तूप बंद, नुसता ताकभात. त्याच्या मेव्हण्याची कावीळ अशीच उतरली होती. गाडी काढतो, उद्याच जाऊ, म्हणाला.

जमुना मागच्या पायरीवर बसून ऐकत होती. "भाऊजी," ती म्हणाली, "कावीळ मी शाळेत खूप बघितलीय. मुलींना ताप येतो, उलट्या होतात, अन्नाचा वास सोसत नाही. मला यातलं काही नाही. कुठं दुखतसुद्धा नाही. नुसतीच पिवळी होत चाललेय. हे सरळ दिसत नाही मला."

गुंडुरावानं माझ्याकडं बघितलं. मी चपला घातल्या आणि तिला डॉक्टर चिदंबरांकडं घेऊन गेलो. त्यांचं छोटं नर्सिंग होम घराजवळच होतं. तुंगाच्या अपेंडिक्सचं ऑपरेशन त्यांनीच केलेलं.

त्यांनी स्कॅन करून आणायला सांगितलं. रिपोर्ट बघितल्यावर आतलं दार लावून घेतलं आणि कन्नडमध्ये एक शब्द सांगितला, मेदोजीरक. मराठीत काय म्हणतात ते आम्हा दोघांनाही माहीत नव्हतं. पुण्याच्या मावसभावानं फोनवर सांगितलं, स्वादुपिंड. एवढं गोड नाव, आणि आत कॅन्सरची गाठ.

डॉक्टर चिदंबरांनी औषधाच्या पॅडवर चित्र काढलं. पोटामागं आडवा झोपलेला मासा असावा तसा तो अवयव. डोकं उजवीकडं, आतड्याच्या वळणात खुपसलेलं, शेपूट डावीकडं. यकृतातून पित्ताची नळी येते ती याच डोक्यातून जाते. "गाठ डोक्यात आहे. तिनं नळी दाबली म्हणून तुम्ही पिवळ्या झालात. वाईटात चांगलं म्हणतात ते हेच. हीच गाठ शेपटीत असती तर काहीच दिसलं नसतं, आणि दिसलं असतं तेव्हा उशीर झाला असता."

"मग काढा," जमुना म्हणाली.

त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, "हे ऑपरेशन मी शिकलोय. केलेलीही आहेत, फार थोडी. पण तुमचं मी करणार नाही, मिस. हे फार मोठं जोडकाम आहे. जिथं हे वरचेवर होतं, जिथं ऑपरेशननंतर काही बिघडलं तर रात्रीची नर्ससुद्धा लगेच ओळखते, अशा ठिकाणी जा. त्यानं फरक पडतो. आपल्या मैसुरातच आहे तसं ठिकाण." आणि त्यांनी तिथं स्वतः फोन लावला. आपल्याला येतं ते काम 'मी करणार नाही' म्हणून सांगायला काय लागतं, ते त्या दिवशी मला कळलं.

मोठ्या इस्पितळातल्या सर्जन डॉक्टर कृष्णवेणी. पन्नाशीच्या, केस पांढरे, बोलणं हळू. आमचं आपसातलं बोलणं ऐकून त्याच मराठीत म्हणाल्या, "बसा की. आमच्या घरीपण असंच बोलतात, अर्धं कन्नड." तिथं मला जरा धीर आला.

त्यांनी संगणकावर स्कॅन फिरवून दाखवलं. गाठ लहान होती. शेजारून जाणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्यांना ती चिकटलेली दिसत नव्हती, आणि यकृतात काही नव्हतं. म्हणजे ऑपरेशन होण्यासारखं होतं. निम्म्याहून जास्त लोक इथं पोचतात तेव्हा ते होण्यासारखं नसतं, असंही त्या म्हणाल्या.

मी विचारू नये ते विचारलं. "मॅडम, किती वर्षं?"

"आत्ता आकडा सांगितला तर तो खोटा होईल," त्या म्हणाल्या. "पाच वर्षं गाठणारे थोडे असतात, हे मी लपवणार नाही. पण त्या थोड्यांत कोण असेल, हे एका गोष्टीवर ठरत नाही. गाठ काढल्यावर कापलेल्या कडा साफ निघतात का, ते मायक्रोस्कोपखाली कळतं. आजूबाजूला, काखेत-जांघेत अवधाण येतं तशा, बारीक गाठी असतात, त्यांत कॅन्सर गेलाय का, किती गाठींत गेलाय, ते बघावं लागतं. आणि गाठीचा स्वभाव. काही कॅन्सर मुळातच खुनशी असतात. यातलं तुमच्या हातात काही नाही, माझ्याही नाही. टाके नीट घालणं माझ्या हातात आहे."

"आणि माझ्या?" जमुनानं विचारलं.

"टेबलावर किती ताकद घेऊन येता ते. आणि नंतर केमो पूर्ण घ्यायचा. अर्धा नव्हे. पुष्कळ लोक ऑपरेशननंतर इतके खचतात की केमो सुरूच होत नाही. तिथं फार नुकसान होतं."

जमुनाचा चेहरा मी तेवीस वर्षं बघत आलो होतो. ती मान वर करून म्हणाली, "म्हणजे मॅचआधी कॅम्प लावायचा."

"हो," डॉक्टर हसल्या, "कॅम्पच."

पित्ताची वाट मोकळी करायला तोंडातून दुर्बीण घालून आत एक नळी बसवली. खाज गेली, डोळे पांढरे व्हायला लागले आणि कॅम्प सुरू झाला. पहाटे ती मैदानाऐवजी कारंजी तळ्याच्या बाजूनं चालायला जायची. श्वास आत ओढून चेंडू वर उचलायचं एक प्लॅस्टिकचं खेळणं दिलं होतं, फुप्फुसांसाठी. टी.व्ही. बघताना ते ओढत बसायची. साखरेसाठी इन्शुलिन सुरू झालं. भांडण झालं ते फक्त खाण्यावरून. आईच्या मते काविळीच्या माणसाला अंडं देणं म्हणजे विष. डॉक्टरांनी तर अंडी, दूध, डाळ, जे पचेल ते भरपूर खायला सांगितलेलं.

"ती डॉक्टरीण लहान आहे," आई म्हणाली.

"आई, ती पन्नाशीची आहे," मी म्हणालो.

"मग? मी ऐंशीची आहे."

शेवटी जमुनानं स्वतः अंडी उकडली आणि आईसमोर बसून खाल्ली, एकेक, मीठ लावून. आई तिच्याकडं बघत राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी अंडी आधीच सोलून ठेवलेली होती.

ऑपरेशनला सगळा दिवस गेला. स्वादुपिंडाचं डोकं, त्याला बिलगलेलं आतड्याचं वळण, पित्ताशय, पित्ताच्या नळीचा तुकडा, सगळं काढलं आणि उरलेलं आतड्याला पुन्हा जोडलं. तुंगा आणि मी बाहेरच्या बाकड्यावर बसलो होतो. संध्याकाळी डॉक्टर कृष्णवेणी बाहेर आल्या आणि त्यांनी नुसतीच होकाराची मान डोलावली. तुंगानं माझा हात इतका घट्ट धरला होता की बोटं सोडवावी लागली.

तिसऱ्या दिवसापासून तिला चालायला लावलं. त्याच वऱ्हांड्यात सरगूरचे नरसिंहमूर्ती भेटले. रिटायर कन्नड मास्तर, उंच, बारीक, कानावर केस. जमुनाच्या आधी दोनच दिवस त्यांचं तेच ऑपरेशन झालेलं. त्यांच्या सोबत त्यांची बायको वरलक्ष्मी. दोन्ही हातांत दोन पिशव्या, एक मास्तरांच्या नळीची, एक मोसंब्यांची.

"तुम्ही पी.टी. म्हणे," मास्तर म्हणाले. "मग माझ्या पुढं का नाही जात?"

"तुम्ही थोरले. मागं राहते."

"वा! माझ्या वर्गातली एकही मुलगी इतकी सभ्य नव्हती."

त्या दिवसापासून दोघांची चढाओढ लागली. वऱ्हांड्याच्या टोकाला पाण्याचा नळ होता. तो आधी कोण शिवतो ते बघायचं. मास्तर चालता चालता जुन्या कविता म्हणायचे, मध्येच शब्द विसरायचे, आणि वरलक्ष्मीबाई मागून तो शब्द पुरवायच्या. नर्स रागवायच्या, पण हसत.

मग जमुनाला ताप भरला. पोटातल्या नळीतून येणारं पाणी गढूळ झालं. स्वादुपिंड जिथं आतड्याला शिवलं होतं तिथून पाचकरस गळायला लागला होता. डॉक्टर कृष्णवेणींनी स्पष्ट सांगितलं, "हे होतं. चांगल्यात चांगल्या हातांनी शिवलं तरी काहींना होतं. आपण वेळेत ओळखलंय, म्हणून घाबरू नका. पण मुक्काम वाढला." मास्तर घरी गेले. जाताना नळाकडं हात दाखवून म्हणाले, "मिस, ही मॅच अर्धी राहिली." जमुना हसली नाही. तिला तेवढीही ताकद नव्हती.

ती घरी आली तेव्हा मी तिला रिक्षातून उतरवून आत नेलं. वजन किती, ते विचारायला नको होतं, दिसतच होतं. पण तपासणीचा रिपोर्ट चांगला होता. कडा साफ. काढलेल्या बारीक गाठींपैकी एकीत कॅन्सर सापडला होता, बाकी कोऱ्या. "एक म्हणजे शून्य नव्हे," डॉक्टर म्हणाल्या, "पण पुष्कळ म्हणजेही नव्हे. आता केमो. तीन महिन्यांच्या आत सुरू करू. पण या वजनावर नाही. आधी उभ्या राहा."

गुंडुराव घरी आला. सगळे हॉलमध्ये बसलो होतो. "आता साकु," तो म्हणाला. साकु म्हणजे पुरे. "गाठ काढली, कडा साफ आहेत. एवढं कापून घेतलं, आता वर विष कशाला? बघ जरा तिच्याकडं. या अंगात ते औषध घातलं तर औषधानंच जाईल ती."

त्याच्या म्हणण्यात माया होती. तुंगा रडायला लागली. जमुना दिवाणावर आडवी पडलेली, भिंतीकडं तोंड करून. आम्हाला वाटलं झोपलीय.

"भाऊजी," ती तशीच पडून म्हणाली, "ऑपरेशनमध्ये डॉक्टरांना दिसलं ते काढलं. जे दिसत नाही त्याचं काय?" मग कूस बदलून तिनं आईकडं बघितलं. "आई, मला वजन वाढवायचंय. आणि मला काहीसुद्धा खावंसं वाटत नाही. काय करू?"

आयुष्यात पहिल्यांदा जमुनानं माझ्या आईला 'काय करू' असं विचारलं. म्हातारी उठून तिच्याजवळ जाऊन बसली. "मला एवढं सांग," ती म्हणाली, "ती डॉक्टरीण खायला काय काय सांगते?"

पुढचे दिवस आमच्या स्वयंपाकघराची चूल निवली नाही. ताटभर जेवण जात नव्हतं, म्हणून आईनं ताटच बंद केलं. वाटी. दोन-दोन तासांनी एक वाटी. रागीची, म्हणजे नाचणीची, पातळ आंबील दुधात, शिजवून घोटलेली मुगाची डाळ, मऊ भातात कुस्करलेलं अंडं, पायाचं सूप. स्वादुपिंड अर्धं गेल्यामुळं तेलकट पचत नव्हतं, संडासाला तेलाचा तवंग यायचा. त्यासाठी पाचक कॅप्सूल होत्या, त्या पहिल्या घासाबरोबरच घ्यायच्या. नंतर घेतल्या तर उपयोग नाही. आईला वाचता येत नाही, पण त्या कॅप्सूलवर तिचा पहारा होता. कॅप्सूल तोंडात गेल्याशिवाय वाटी हातातून सुटायची नाही. वरुणातल्या एका जुन्या विद्यार्थिनीच्या घरून रोज सकाळच्या बसबरोबर गावठी अंडी आणि ताजं दूध यायचं. पैसे द्यायला गेलो तर तिची आई मला ओरडली.

जमुनाला बरं वाटायला लागलं तसं तिनं मला स्कूटरवर शाळेत न्यायला लावलं. नोकरीवर नव्हे, सुट्टीच होती. नुसतं मैदानावर. निलगिरीच्या खांबाशी खुर्ची टाकून बसायची. मुली पाटीवर बसल्या, पळायला लागल्या की हिच्या गालांवर रंग यायचा. "कृती, डावीकडं झुकून खो देतेस, समोरची आधीच वळते!" आवाज अगदी बारीक झालेला, तरी मुली ऐकायच्या. मधल्या सुट्टीत त्या आपापले डबे घेऊन तिच्याभोवती बसायच्या आणि मुलींदेखत मिसला अर्धी वाटी टाकून देता यायची नाही.

डॉक्टरांनी दिलेली मुदत संपायच्या आधी केमो सुरू झाला. नोव्हेंबर, डिसेंबर. त्या औषधानं थंडीत बोटांना, ओठांना मुंग्या येतात, गार वस्तू शिवली की विजेसारखं लागतं. मैसूरची थंडी ती काय, पण पहाटेची शिटी धातूची. तिनं एकदा ओठांना लावली आणि कळवळून खाली टाकली. मग मुलींसाठी टाळी ठरली. एक टाळी थांबा, दोन टाळ्या पळा. मध्ये रक्तातल्या पेशी घसरल्या म्हणून एक फेरी पुढं ढकलावी लागली, दोन फेऱ्यांत औषध कमी करावं लागलं. केस पातळ झाले. एका फेरीनंतर ती दोन दिवस कुणाशी बोलली नाही, माझ्याशीपण नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "अहो, मला नको झालंय हे." मी म्हटलं, "थांबवू या का?" ती म्हणाली, "मी नको झालंय म्हटलं. थांबवा म्हटलं नाही."

शेवटची फेरी झाली तेव्हा उन्हाळा लागला होता. इस्पितळातून आम्ही थेट वरुणाला गेलो. मैदान रिकामं होतं, सुट्ट्या लागलेल्या. ती एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत चालत गेली आणि परत आली. पळाली नाही. पण मी खांबाशी उभा राहून तिची पावलं मोजत होतो.

नरसिंहमूर्ती मास्तरांनीही केमो पूर्ण घेतला. तपासणीला दोघं एकत्र भेटायची. मास्तर जमुनापेक्षा बरे दिसायचे, सरगुरात रोज सकाळी शेताच्या बांधावरून चालायचे, खाणं व्यवस्थित, साखर ताब्यात. त्यांच्याही कडा साफ होत्या. पण बारीक गाठींपैकी पुष्कळ गाठींत कॅन्सर गेलेला होता. दुसऱ्या वर्षी स्कॅनमध्ये यकृतावर ठिपके दिसले. त्यानंतर मास्तर फार दिवस राहिले नाहीत.

आम्ही सरगूरला गेलो. वरलक्ष्मीबाई ओसरीवर बसल्या होत्या. बोलता बोलता म्हणाल्या, "लोक येतात आणि म्हणतात, मास्तरांनी धीर सोडला असेल. मन घट्ट असतं तर वाचले असते. जमुना, तू बघितलंस ना त्यांना? ते शेवटच्या आठवड्यातसुद्धा मला कवितेतला शब्द विचारत होते."

परतीच्या बसमध्ये जमुना खिडकीकडं बघत होती. वाटेतलं एच.डी. कोटे गाव मागं गेलं तेव्हा म्हणाली, "धीर सोडला म्हणे!" इतका राग मी तिच्या तोंडावर पंचाच्या चुकीच्या निकालावरही बघितला नव्हता.

ती शाळेत रुजू झाली. पाच वर्षं झाली. स्कॅन स्वच्छ येत राहिले. डॉक्टर कृष्णवेणी एकदा रिपोर्ट बघून चष्मा काढून म्हणाल्या, "मिस, तुम्ही त्या थोड्यांत आलात." मग शहरातल्या एका संस्थेनं तिचा सत्कार ठरवला. फलकाची ऑर्डर माझ्याच दुकानात आली. मजकूर त्यांचा: 'कॅन्सरवर मात करणारी मैसूरची वीरांगना'. मी स्वतः स्क्रीन धरली, स्वतः शाई घोटली, गडद निळी. बायकोचं नाव एवढ्या मोठ्या अक्षरांत मी कधी छापलं नव्हतं. फलक वाळत टाकला आणि तिला बोलावलं.

ती उभी राहून वाचत राहिली. "अक्षरं चांगली आलीत," म्हणाली. "पण हा लावायचा नाही."

"का?"

"मी मात केली, तर मूर्तीमास्तर हरले का?"

मी फलक दोरीवरून उतरवायला लागलो.

"मी केलं ते सगळं त्यांनी केलं. माझ्या एकाच बारीक गाठीत कॅन्सर गेला होता, त्यांच्या पुष्कळ गाठींत. एवढाच फरक. असं लिहिलंत तर वरलक्ष्मीबाईंनी कार्यक्रमाला यायचं कसं? मी त्यांना बोलावलंय."

नवा फलक छापला. नुसतं 'जमुना, पी.टी. टीचर, वरुणा'.

कार्यक्रमाला वरलक्ष्मीबाई पहिल्या रांगेत बसल्या. शेजारी आई, तुंगा, गुंडुराव. डॉक्टर चिदंबर मागं उभे होते, त्यांना जागा मिळाली नव्हती. जमुना माइकजवळ गेली तेव्हा तिच्या जुन्या मुलींनी शिट्या वाजवल्या. तिनं हात वर केला आणि सगळं शांत झालं.

"मैदानावर मी मुलींना सांगते, जी जास्त मेहनत करते ती जिंकते," ती कन्नडमध्ये म्हणाली. "या आजारात तसं होत नाही. माझ्याबरोबर वऱ्हांड्यात एक मास्तर चालायचे. रोज नळ आधी तेच शिवायचे. ते आज नाहीत. मी आहे, कारण मी लवकर पिवळी झाले, कारण एका डॉक्टरांनी मला दुसऱ्या डॉक्टरांकडं पाठवलं, कारण माझ्या सासूनं मला वाटी-वाटीनं उभं केलं. आणि पुष्कळ गोष्टी अशा होत्या ज्या कुणाच्याच हातात नव्हत्या. म्हणून मेहनत करू नका असं नाही. मी एकही फेरी सोडली नाही. पण जो गेला तो कमी पडला, असं कुणाला म्हणू नका. माझ्यासमोर तर म्हणूच नका."

वरलक्ष्मीबाईंनी पदरानं डोळे पुसले आणि पहिली टाळी त्यांनी वाजवली. आई मला कानात म्हणाली, "माझं नाव घेतलं बघ. नावानं नाही, पण घेतलं." तिला शहाऐंशी वर्षं झाली होती. इतकी ताठ बसलेली मी तिला कधी बघितली नव्हती.

आता डॉक्टर कृष्णवेणी कधी कधी शनिवारी जमुनाला ओ.पी.डी.त बोलावतात. ज्यांचं ऑपरेशन ठरलंय त्यांच्याशी बोलायला. ती जाते. शाळा सुटली की ट्रॅकसूटवरच. मागच्या वेळी वरुणाजवळचेच एक दूध घालणारे गृहस्थ होते, मल्हारराव. बायकोचे डोळे पिवळे, हातात स्कॅनची मोठी पिशवी. मल्हाररावांनी जमुनाला नमस्कार केला आणि सरळ विचारलं, "मिस, वाचेल का ही?"

"ते मला माहीत नाही," जमुना म्हणाली. "खरं सांगते, ते कुणालाच माहीत नाही अजून." मग ती त्या बाईच्या शेजारी बसली, तिचा हात हातात घेतला आणि विचारलं, "अक्का, आज सकाळपासून काय खाल्लंस?"

बाई म्हणाली, काहीच नाही, वासच नको वाटतो.

"चहासुद्धा नाही?"

"अर्धा कप."

"चला," जमुना मल्हाररावांना म्हणाली, "खाली कँटीनमध्ये इडली मिळते. आधी ती खाऊ, मग बोलू." आणि माझ्याकडं वळून, "अहो, तुम्ही पिशवी धरा त्यांची."

मी पिशवी धरली. पुढं त्या दोघी चालत होत्या, एक पिवळी आणि थकलेली, दुसरी बारीक, ताठ, तिच्या पावलाशी पाऊल जुळवत. मल्हाररावांनी मला हळूच विचारलं, "तुम्ही कोण त्यांचे?"

"मी त्यांचा नवरा," मी म्हणालो. आणि एवढं मोठ्यानं म्हणालो की पुढं गेलेल्या जमुनानं मागं वळून बघितलं.